सिस्टर आणि बारा आकडे

दुकानातून साबण, बिस्किटं, चहापत्ती काहीही आलं की सिस्टर आधी ब्लेड मागायच्या. पुड्यावर काळ्या उभ्या रेघांचा एक चौकोन असतो, मोठ्या दुकानात त्याच्यावर लाल उजेड मारतात. तो चौकोन त्या ब्लेडनं नीट कापून चुलीत टाकायच्या, मगच पुडा घरात यायचा. साबणाचं ठीक होतं, पण चहापत्तीच्या पुड्याला भोक पडलं की पत्ती सांडायची, म्हणून मी खाली ताट धरून उभी राहायची. आमच्या उकिरड्यावर जितके कागद पडलेले असायचे, त्या सगळ्यांना एकेक खिडकी असायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या बाईचं डोकं फिरलेलं आहे. पुढं सात वर्षं त्यांच्याजवळ काढली. डोकं अगदी ठिकाणावर होतं असं अजूनही म्हणणार नाही. पण तसं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मागल्या वर्षी त्या गेल्या. चारचौघांत मला बोलता येत नाही, वहीत तेवढं येतं, म्हणून लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. ख्रिस्ती होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सगळी उमर बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. दवाखाना बंद पडल्यावर त्या आमच्या गावी, राणीसावरगावच्या बाजूला, वडिलांच्या घरी येऊन राहिल्या. गावात ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं आणि एक लहानसं चर्च. चर्चच्या मागं पत्र्याची लांब खोली होती, तिथं त्या ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं सांभाळायच्या. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यावर जायच्या आणि लेकरं सिस्टरांकडे यायची, ती उन्हाळा लागेपर्यंत. चाळीस-बेचाळीस लेकरं. ख्रिस्त्यांची चार-पाच, बाकी सगळी आमची, गावातली आणि तांड्यावरची. मी तिथं स्वयंपाकाला होते.

वसतिगृह मुठीवर चालायचं. ख्रिस्ती घरांत बाई भाकरीला पीठ घेते तेव्हा आधी एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. ती देवाची मूठ. रविवारी ते डबे चर्चमध्ये येतात. सिस्टरांनी ही सवय टोळीवाल्या बायकांनाही लावली आणि मलाही. लेकरांच्या पिठातूनसुद्धा रोज एक मूठ काढायची. मी एकदा विचारलं, "सिस्टर, आपलंच पीठ काढायचं अन् आपल्याच डब्यात टाकायचं, हे काय?"

"मूठ काढली की हाताला कळतं, पीठ आपलं न्हाई म्हनून," त्या म्हणाल्या. मग डब्याला झाकण लावून म्हणाल्या, "अन् शनवारी चार भाकरी जास्तीच्या व्हत्यात, ते येगळंच."

त्यांचा रेडिओ होता. सकाळच्या बातम्या त्या उभ्यानं ऐकायच्या. कुठं तरी सगळ्या देशांचे पुढारी एका जागी जमले असं ऐकलं की हातातलं काम खाली ठेवायच्या. "बसले पुन्यांदा," असं म्हणायच्या आणि शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, उघडून एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायच्या. त्या पानाची कड टिंबांनी काळी झाली होती.

त्यांच्या शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात आहे म्हणे, की अखेरीला सगळ्या जगावर एकाचंच राज्य येईल आणि तो वाईट असेल. तो प्रत्येकाच्या उजव्या हातावर नाहीतर कपाळावर आपली खूण करील. ज्याच्यावर खूण नाही त्याला बाजारात काही घेता येणार नाही, विकता येणार नाही. आणि ज्यानं समजून-उमजून खूण करून घेतली, त्याला देव ओळखणार नाही. सिस्टरांना ही गोष्टीतली गोष्ट वाटत नव्हती. उद्या एसटीनं उतरणाऱ्या पाहुण्यासारखी त्या तिची वाट बघायच्या. सगळं जग एक करायचं, एक नंबर, एक कायदा, एक पैसा, असं कुणी म्हटलं की त्यांना तो पाहुणा फाट्यावर उतरलेला दिसायचा.

पण त्यांचं सगळंच उलटसुलट होतं. दवाखान्यात असताना पोलिओच्या थेंबांसाठी त्या तांडे पालथे घालायच्या, असं जुनी माणसं सांगतात. थेंबांच्या पेटीवर जगाच्या आरोग्याच्या संस्थेचा शिक्का होता. सिस्टरांनी पेटीला कापडी खोळ शिवली. "थेंब चांगले हायेत," त्या मला म्हणाल्या, "थेंब पाठवनाराच्या मनातलं मला काय ठावं." करोनात आमच्या गावात सगळ्यांत आधी सुई घेतली ती त्यांनीच. मतदानाचं कार्ड दाखवून घेतली. मग त्यांना कागद द्यायला लागले, त्याच्यावर तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन. कागद तिथंच टेबलावर ठेवून त्या घरी आल्या.

किराणा दुकानाचे अण्णा त्यांना फार छेडायचे. एकदा मी तेल घ्यायला गेले होते, तेव्हा अण्णा म्हणाले, "सिस्टर, बाहेरच्यांच्या नावानं बोटं मोडता, पन तुमचा धरमच सातासमुद्रापलीकडून आलाय की."

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं हाय अण्णा. पन तवा मानूस आला व्हता. आमच्या मोठ्या डाक्टरीनबाई आल्या, इथलं पानी पिल्या, इथल्या हिवतापानं फणफणल्या, इथंच मेल्या. त्यांच्याशी मी भांडले बी. आता मानूस येत न्हाई, कागद येतो. कागदाशी कसं भांडू?"

अण्णांनी तेल मोजून दिलं.

आमच्याकडे एक गाय होती. एका सकाळी जनावरांचे डॉक्टर आले आणि तिच्या कानात पिवळा बिल्ला ठोकून गेले. सिस्टर बाहेर आल्या तोवर झालेलं होतं. त्यांनी चष्मा लावून बिल्ल्यावरचे आकडे मोजले. बारा. मग मला म्हणाल्या, "तुझं आधारकार्ड आन." ते मोजले. बारा. त्यांनी गायीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बारा तिला, बारा तुला," म्हणाल्या. "फरक काय ऱ्हायला? तुला दूध येत न्हाई यवढाच." मला हसू आवरेना. त्या मात्र दिवसभर गायीला गोंजारत होत्या, जसं काही तिला लागलं होतं.

स्वतःचं आधार त्यांनी काढलेलं नव्हतं. त्यापायी त्यांचं रेशन बंद झालं, ते होऊ दिलं. लेकरांना मात्र शाळेसाठी आधार लागायचं, तर रांगेत त्यांना घेऊन उभ्या राहायच्या त्याच. मी विचारलं तर म्हणाल्या, "लेकराला देव धरत न्हाई. समजत्या मानसाला धरतो. अन् ह्ये सरकार हाय, आपलं हाय. चुकलं तर तालुक्याला जाऊन भांडता येतं." जे कडक होतं ते सगळं त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं होतं. दुसऱ्याच्या ताटात त्या कधी आल्या नाहीत. मी खंडोबाची. सात वर्षांत त्यांनी मला एकदासुद्धा तुझा देव सोड म्हटलं नाही.

आता ते वर्ष सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी वावटळ आली आणि आमच्या लांब खोलीचे पत्रे उडाले. दोन पत्रे तर पाझर तलावात सापडले. त्याच सुमाराला तालुक्याहून कागद आला, की परवानगी आणि पक्कं छप्पर नसेल तर लेकरं ठेवायची नाहीत. कागदात चूक काही नव्हती. एखाद्या लेकरावर पत्रा पडला असता तर? पण छप्पर मुठीमुठीनं होत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कोमल त्या वर्षी चौथीत होती. बहीण आणि तिचा नवरा टोळीत. वसतिगृह उघडलं नाही तर कोमल त्यांच्याबरोबर जाणार, हे उघड होतं.

दिवाळीच्या तोंडावर एक पांढरी गाडी आली. मोठ्या शहरातून एक मॅडम आणि एक साहेब आले होते. त्यांची संस्था पुष्कळ देशांत लेकरांसाठी काम करते म्हणे. मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. चप्पल दाराबाहेर काढून खाली सतरंजीवर बसल्या. पक्की इमारत बांधून देऊ, पलंग देऊ, संडास बांधू, असं सांगितलं. भाकरी थापताना माझा हात थांबला. मला वाटलं, सुटलो.

"सिस्टर, आता जग म्हणजे एक गाव झालंय," मॅडम म्हणाल्या. "तिकडच्या माणसाला इथल्या मुलीसाठी काही करावंसं वाटतं."

"आसं? मग त्या गावाचा पाटील कोन हाय?"

मॅडम हसल्या. "पाटील कुणी नाही. सगळे मिळून ठरवतात."

"बिनपाटलाचं गाव मी बघितलं न्हाई, बाई. पाटील असतोच. दिसत नसला तर जास्त भ्यावं."

मग मॅडमनी रीत सांगितली. प्रत्येक लेकराला एक नंबर मिळेल. नंबराची पाटी छातीशी धरून त्याचा फोटो काढायचा, घरची सगळी माहिती लिहायची. ती परदेशात जाईल आणि तिकडचं कुणी तरी त्या लेकराला आपलं मानेल, जणू आईबाप.

सिस्टर नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "बरं. मग त्यांनी बी पाटी धरून फोटो काढून पाठवावा."

"कुणी?"

"आईबापांनी. कुठले हायेत, काय करतेत, दारू पितेत का, बायकोला मारतेत का. लेकरू द्यायचं तर बघायला नको?"

साहेबांना हसू आलं, पण सिस्टर हसत नाहीत हे बघून त्यांनी रुमाल काढला. मॅडम म्हणाल्या, "ती माहिती देता येत नाही, सिस्टर. नियमानं गुप्त ठेवावी लागते."

"म्हंजी आमच्या लेकराचं नाव, गाव, घरात संडास हाय का न्हाई, सगळं तिकडं जानार. अन् त्यांचं नुसतं गाव बी आमाला कळायचं न्हाई. सोयरीक अशी जुळती का?"

शेवटी कागद निघाला. त्यात एक ओळ होती, की वसतिगृहात संध्याकाळची प्रार्थना घ्यायची नाही. "सगळ्या देशांत हाच नियम आहे," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्या देशांत," सिस्टर हळूच म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून परत दिला. पाहुण्यांना चहा पाजला. जाताना गाडीत एक काशीफळ ठेवलं. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत मी दारात उभी होते.

चार दिवसांनी बहीण आली. टोळीचा ट्रक आठ दिवसांनी निघणार होता. "कोमलला नेते आता," ती म्हणाली. "न्हाई तरी लहान्याला धरायला कुनी पाहिजेच." कोमल ओट्यावर बसून पाढे म्हणत होती. तिनं वर बघितलं नाही, पण तिचा आवाज बारीक होत गेला.

मी आत गेले. सिस्टर तवे मोजत होत्या, आवरून ठेवण्यासाठी. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मोठ्या माणसासमोर उभं राहून असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"सिस्टर, पाटी धरू द्या की लेकरांला."

"का गं?"

"मला कुनी नंबर दिला नव्हता," मी म्हणाले. "चौथी झाली अन् आईबाप उसाच्या फडावर घेऊन गेले. शाळेच्या हजेरीतून नाव गेलं, कारखान्यावर नाव लागलं न्हाई. सहा महिने पाचटाच्या कोपीत लहान्या भावाला धरून बसले, मग पुढल्या वर्षी बी, मग शाळाच सुटली. कुनी विचारायला आलं न्हाई, पोरगी कुठं गेली म्हनून. मला कुनीच मोजलं न्हाई, सिस्टर. सैतानानं न्हाई अन् देवानं बी न्हाई."

एवढं बोलून मला रडू आलं. सिस्टर चुलीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "भाकर करपायलीय." खरंच करपत होती.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुपारभर चर्चमध्ये बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं लुगडं नेसून, पिशवी घेऊन चुलीपाशी आल्या. "चल गंगाखेडला. त्या मडमेचं छप्पर मला नको. आपल्यावाल्यांशी भांडून बघू."

भांडावं लागलं नाही. तालुक्याच्या ऑफिसातले साहेब मऊ बोलणारे निघाले. सरकारचीच सोय होती. रात्री लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गांत झोपतील, धान्य मिळेल, प्रार्थनेला कुणाची ना नाही. फक्त वसतिगृहाच्या प्रमुखाचं आधार पाहिजे आणि रोज सकाळ-संध्याकाळ हजेरीच्या यंत्रावर त्याचं बोट.

सिस्टरांचा चेहरा उतरला. मी घाईनं म्हणाले, "माझं बोट चालंल का, साहेब?"

"शिक्षण किती, ताई?"

"चौथी."

त्यांनी पेन खाली ठेवला. "दहावी तरी लागतं. तुमच्या चर्चमधलं दुसरं कुणी?"

दुसरं कुणी नव्हतं. शिकलेली होती ती पुण्याला, हैदराबादला गेली होती. साहेब म्हणाले, "सिस्टर, आधार अजून काढलं नाही तुम्ही? समोरच सेंटर आहे. नंबर आला की मी सही करतो, पोरं आजपासून ठेवा."

सिस्टर बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी आणलेला चहा गार झाला. हात मांडीवर होते, डावा वर आणि उजवा खाली. बाळंतपणं करून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

"कोमलला पाढे कितीपतूर येतात?" त्यांनी एकदम विचारलं.

"सतरापतूर."

"सतराचा लय अवघड," असं म्हणून त्या उठल्या.

सेंटरमध्ये मशीनवरचा माणूस म्हणाला, "आजी, कपाळावरचे केस मागं घ्या, फोटोत कपाळ दिसलं पाहिजे." त्यांनी केस मागं घेतले. "डावा हात ठेवा." ठेवला. "आता उजवा." तो त्यांनी पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि मांडीवरच ठेवला. मागून एक जण म्हणाला, "चला की आजी, आमची गाडी जाईल." सिस्टरांनी डोळे मिटले आणि हात काचेवर ठेवला.

"उठत नाहीत बोटं. परत ठेवा," तो माणूस म्हणाला.

तीनदा ठेवावा लागला. तीनही वेळेला त्यांनी तो मुद्दाम उचलून ठेवला. चुकून घडलं, असं म्हणायला त्यांनी स्वतःला जागा ठेवली नाही.

परत येताना एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून होत्या. ट्रक गेला. कोमल गेली नाही. बहीण पाय आपटून गेली, पण फडावरून तिनं मुठीचं पीठ मात्र पाठवलं.

महिन्यातून एका रविवारी परभणीहून पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, यायचे आणि प्रभुभोजन द्यायचे, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षांचा रस. ख्रिस्ती माणसाला ते फार मोठं. त्या रविवारी ताट सिस्टरांपुढं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ताट पुढं गेलं. नंतर पाळक आमच्या ओट्यावर त्यांच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सिस्टर, सरकारचं ओळखपत्र म्हणजे ती खूण नव्हे. माझ्याकडेही आहे."

"तुमाला ती खूण न्हाई आसं वाटत व्हतं, तवा तुमी घेतली," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटत व्हतं ती हाय, अन् मी घेतली. दोनी सारखं न्हाई, पाळकसाहेब."

ते दर महिन्याला ताट घेऊन त्यांच्यापुढं थांबायचे, जरा जास्तच थांबायचे, आणि दर महिन्याला त्या मान हलवायच्या. शेवटपर्यंत तसंच चाललं. मी न राहवून एकदा विचारलं, "सिस्टर, आसं व्हतं तर हात दिला कशाला?"

"दुसऱ्या कुनाचा देऊ?" त्या म्हणाल्या. "तुझा तर घेईनात."

कोमल आता सातवीत आहे. वसतिगृह चालू आहे, दुसऱ्या गावच्या एका दहावी पास बाई प्रमुख आहेत. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ट्रक गेला त्याच दिवसाची संध्याकाळ उभी राहते. लेकरं शाळेच्या वर्गात ओळीनं बसली होती. प्रार्थना नेहमी सिस्टर घ्यायच्या, पुढं उभ्या राहून, शास्त्र हातात धरून. त्या दिवशी त्यांनी शास्त्र आणून माझ्या हातात दिलं.

"आजपून तू पुढं उभी ऱ्हा."

"मी खंडोबाची, सिस्टर."

"वाचता येतंय ना? मग झालं. मला पुढं उभं ऱ्हायाचं तोंड न्हाई."

त्या मागं गेल्या आणि भिंतीला टेकून सगळ्यांत लहान लेकरांत बसल्या. शेजारी कोमल होती. चाळीस लेकरं माझ्याकडे बघत होती. मी पान उघडलं, दोन ओळी वाचल्या. त्या मला तरी ऐकू आल्या का, कोण जाणे.

"ऐकू येईना गं," मागून सिस्टर म्हणाल्या. "देव भैरा न्हाई, पन लेकरं मागं बसलीत."

पोरं हसली. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.